ब रांगेतली सतरा नंबरची खुर्ची

मी, खाली सही करणारी, वय वर्षे त्र्याहत्तर, अविवाहित, फुटबॉल क्लबच्या कार्यालयात अडतीस वर्षे कारकून म्हणून नोकरी करून निवृत्त झालेली, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या अकलेने लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे. गुडघे नाहीत, पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत असं वकीलबाई म्हणाल्या. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही, आणून बघावा. चार वर्षांपूर्वी केलेलं मृत्युपत्र मी रद्द करते. त्यात क्लबच्या मैदानावरची माझी खुर्ची भाच्याच्या नावे लिहिली होती. ती आता देता येत नाही, आणि का येत नाही ते कलम ४ मध्ये सविस्तर येईल.

कलम १. राहतं घर, दोन खोल्या आणि मागची मोरी, माझ्या धाकट्या बहिणीला द्यावं. तिच्या पश्चात ते तिच्या मुलाला, म्हणजे भाच्याला जावं. मागच्या भिंतीला ओल आहे. रंग मारून ती झाकू नये, आधी गळती काढावी. माझ्या दोन्ही ऑपरेशनच्या वेळी बहीण दीड-दीड महिना येऊन राहिली आणि नंतर एकदाही तोंडाने त्याचा उल्लेख केला नाही. मीच असते तर गावभर सांगितलं असतं. बाई गं, तुझे उपकार मोठे आहेत, आणि हे तोंडावर सांगायला मला जमलं नाही म्हणून इथे लिहिते.

कलम २. बँकेतली ठेव निम्मी बहिणीला आणि निम्मी क्लबच्या माळ्याला द्यावी. क्लबला एक पैसा देऊ नये. क्लबच्या खात्यात गेलेल्या पैशाला कसे पाय फुटतात ते मी अडतीस वर्षं पाहिलं आहे. माळ्याला मात्र सात महिने पगार नाही, तरी मैदान हिरवंगार आहे. मी त्याला म्हटलं, "अरे, पगार नाही तर येतोस कशाला?" तर म्हणतो, "बाई, गवताला कुठे माहीत आहे पगार झाला नाही ते?"

कलम ३. टाइपरायटर सध्या कार्यालयात असलेल्या मुलीला द्यावा. ती कॉम्प्युटरवर काम करते, तिला त्याचा उपयोग नाही, पण असू दे. सोबत एक सल्ला: सांगितलं तेवढंच टाइप करावं. मी एकदा चार शब्द पदरचे घातले होते.

कलम ४. खुर्ची.

सव्वीस वर्षांपूर्वी खेळाडूंचे तीन महिन्यांचे पगार थकले होते. तेव्हाच्या अध्यक्षांनी युक्ती काढली की मोठ्या स्टँडमधल्या खुर्च्या एकरकमी पैसे घेऊन आजीव विकायच्या. मला म्हणाले, "बाई, पासावर 'आजीव' टाइप करा." तेवढ्यात पहिलं गिऱ्हाईक आलंच. वेल्डर होते, वय सत्तर, हाताला भाजल्याचे डाग. पैसे टेबलावर ठेवले, पुन्हा उचलले आणि म्हणाले, "माझं आजीव ते किती? चार-पाच हंगाम. एवढे पैसे पाण्यात घालू का?" मला वाईट वाटलं. मी 'आजीव' या शब्दापुढे टाइप केलं: 'आणि त्याच्या पश्चात वारसांस'. म्हातारा खूश झाला. अध्यक्षांनी न वाचता सही ठोकली. ते न वाचताच सही करायचे, त्यांना त्याचा अभिमान होता. आणि तोच मेणकागद चक्रमुद्रणाच्या यंत्रावर चढला. चारशे बारा पास तसेच छापले गेले आणि आठवड्यात संपले. लोक काय वेडे आहेत? नातवंडांची सोय झाली म्हटल्यावर रांगा लागल्या.

पगार झाले, आणि त्यानंतर सव्वीस वर्षं क्लबच्या सगळ्यात चांगल्या स्टँडचं उत्पन्न शून्य. वारस संपत नाहीत. खुर्च्यांवर आता तिसरी पिढी बसते, शेंगा खाते आणि क्लब कर्जात का गेला म्हणून आम्हालाच शिव्या घालते.

दोष सगळा माझा नाही, हेही नोंदवते. ऋण काढून सण करायची हौस समितीची. उरलेल्या पैशात अध्यक्षांनी पडदे लावलेली बस घेतली. नंतर कर्ज काढून एक नामांकित आघाडीवीर आणला, तो आला तोच लंगडत. आमच्याकडे नऊ सामने खेळला आणि सहा वर्षं त्याचे हप्ते चालले. त्यासाठी मैदान पतपेढीकडे गहाण पडलं. अध्यक्षांना मी माफ केलं आहे. बसबद्दल नाही, पण बाकी सगळं माफ.

आता पतपेढीने सांगितलं आहे की मे महिन्याच्या अखेरीपर्यंत दोनशे खुर्च्या क्लबकडे परत आल्याचं दाखवा, म्हणजे त्यांची दर हंगामाला विक्री होईल. मग कर्जाला पाच वर्षं मुदत वाढवून देऊ. नाहीतर मैदानाचा लिलाव. पास रद्द करता येत नाहीत, धारकाने लेखी परत द्यावे लागतात, कारण ते चार शब्द. सभेला साठ धारक आले होते. प्रत्येक जण म्हणाला, "आधी बाकीच्यांनी द्यावी." मीही तिथे बसले होते. चार महिन्यांच्या थकलेल्या पगाराऐवजी मिळालेला ब रांग, सतरा नंबरचा पास माझ्याही पर्समध्ये होता, आणि मी तोंड मिटून घरी आले. त्या गोष्टीची मला लाज वाटते.

म्हणून आज पहिला अर्ज माझा. वकीलबाई म्हणाल्या, मृत्युपत्र मेल्यावरच लागू होतं. मी काही मेअखेरच्या आत मरून दाखवायची नाही, तेव्हा माझ्या हयातीपुरती खुर्ची आजच वेगळ्या कागदावर परत केली आहे. आणि माझ्यामागे माझ्या कोणत्याही वारसाने तिच्यावर हक्क सांगू नये, हे या कलमाने पक्कं करते.

भाच्याला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "मावशी, दिलेलं कोणी परत घेतं का?" मी म्हटलं, "अरे, मैदानच गेलं तर खुर्ची काय ओट्यावर मांडून बसशील?" तीन दिवस फिरकला नाही. चौथ्या दिवशी आला, चहा घेतला आणि म्हणाला, "देऊन टाक. मला खुर्चीचं काही नाही गं. तुझ्या शेजारी बसून सामना बघायचा राहिला, एवढंच." मला रडू आलं. पुढच्या हंगामाची दोन तिकिटं मी माझ्या पैशाने काढणार आहे. मी नसले तर त्याने एक तिकीट माळ्याला द्यावं. माळ्याने आजवर एकही सामना बसून पाहिलेला नाही.

कलम ५. हे वाटणीचं नाही, आभाराचं आहे. वडील क्लबच्या फाटकावर तिकिटं फाडायचे. ते गेले तेव्हा मी वीस वर्षांची होते आणि घरात कमावतं कोणी नव्हतं. त्या वेळचे सचिव घरी आले. "टाइपिंग येतं का?" मी म्हटलं, येतं. धादांत खोटं. त्यांना कळलं होतं. म्हणाले, "मग सोमवारी या. पहिला आठवडा मागच्या खोलीत बसा, तिथे कोणी येत नाही." त्या खोलीत मी टाइपिंग शिकले, त्या पगारावर बहिणीचं शिक्षण आणि लग्न झालं, हे घर झालं. थकलेले पगार, बस, तो लंगडा आघाडीवीर, सगळं धरूनही मला या क्लबने जे दिलं ते जास्तच भरतं. मी फार सुखात जगले. ज्यांनी जगू दिलं त्या सगळ्यांची मी मनापासून ऋणी आहे.

कलम ६. या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकीलबाईंनी करावी. फी आधीच दिली आहे. पुन्हा मागितल्यास पावती कपाटात वरच्या कप्प्यात आहे.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, मोठ्याने वाचून दाखवला आणि दोन्ही साक्षीदारांसमक्ष सही केली.

(सही) लिहून ठेवणार
ठिकाण: क्लबचं कार्यालय, मोठ्या स्टँडखाली
दिनांक: १३ एप्रिल, रविवार, सकाळी अकरा

साक्षीदार १: (सही) कुटुंबाचे डॉक्टर. बाईंना आज तपासलं. शुद्धीत आहेत, नेहमीपेक्षा जरा जास्तच.

साक्षीदार २: (सही) वेल्डरची नात, शाळेत शिक्षिका.
साक्षीदाराने सहीखेरीज काही लिहू नये असं वकीलबाई म्हणाल्या, तरी लिहिते. बाई, तुम्ही ते चार शब्द घातलेत म्हणून आजोबांच्या मागे मी वीस वर्षं त्यांच्या खुर्चीत बसले. अ रांग, एक नंबर. पास आत्ताच तुमच्या कागदाखाली ठेवला आहे. संध्याकाळी चुलत भावंडांकडे जाते. त्यांच्या घरात सहा पास आहेत.