चेंडू कडेला लागला होता का?

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार (कंबर धरली आहे, तेव्हा वाकणं कागदावरच समजून घे). इकडे सगळं ठीक. तुझे गुडघे काय म्हणतात? भाऊजींनी गोड सोडलं, की डबा अजून कपाटामागेच असतो? हिला तुझी फार आठवण येते, असं लिहायला तिने सांगितलंय. मलाही येते, पण या पत्राचा विषय तो नाही.

विषय तुला ठाऊक आहे. सव्वीस वर्षांपूर्वी क्लबच्या टेबल टेनिसच्या अंतिम सामन्यात मी दातांच्या डॉक्टरशी खेळत होतो आणि पंच तू होतीस. डॉक्टर वीस गुण, मी एकोणीस, आणि एकविसाला सामना. त्याने मारलेला चेंडू माझ्या बाजूच्या कडेला निसटता लागला, म्हणजे गुण त्याचा, असं तू म्हणालीस आणि सामना त्याला देऊन मोकळी झालीस. लागला नव्हता, असं मी म्हणालो. (नेमके शब्द इथे लिहीत नाही. त्यातला ‘आंधळी’ हा तरी मागे घ्यावा, असं हिचं तेव्हाही मत होतं.) त्यानंतर तू पंचाच्या खुर्चीत कधी बसली नाहीस आणि आपलं बोलणं लग्नकार्यापुरतं उरलं. मी जन्मभर पाण्याची मीटरं तपासली. समोरच्याने कितीही आरडाओरडा केला तरी काटा हलत नाही, एवढंच त्यातून शिकलो. तेव्हा हा अहवालही रागलोभ बाजूला ठेवून लिहितोय.

तर त्या सामन्याची कॅसेट फोटोवाल्याच्या माळ्यावर सापडली. त्याने तिची फाइल करून दिली, ती मी घरच्या कॉम्प्युटरवर लावली, आणि बघतो तर हलणाऱ्या प्रत्येक वस्तूला कंगव्यासारखे दाते. डॉक्टरचा हात थांबला की हात, हलला की फणी. ज्या चित्रासाठी हा सगळा खटाटोप, त्यात तर चेंडू दोन. एक कडेच्या वर, एक कडेपाशी, आणि दोघांच्याही इतक्या चिरफळ्या की काही म्हणता काही सांगता येईना. फोटोवाला म्हणाला, जुनी चित्रं ‘इंटरलेस्ड’ असतात. म्हणजे कॅमेरा आधी पहिली, तिसरी, पाचवी अशा ओळी टिपतो आणि सेकंदाचा पन्नासावा भाग उलटल्यावर दुसरी, चौथी, सहावी. दोन वेळांच्या ओळी एकत्र दाखवल्या की दाते दिसणारच. (हे त्याने कॅसेटचे पैसे घेण्याआधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.)

आता खरी अडचण ऐक. आमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हिडिओ उलगडायचं काम ग्राफिक्स कार्ड करतं, आणि ते कार्ड जावयाने दिलेलं. स्वतः आणून, स्वतः स्क्रू आवळून, वर चहासुद्धा न घेता बसवलेलं. त्याला नाव कोण ठेवणार? म्हणून मी आधी वायर बदलली. मग शेजाऱ्यांच्या कॉम्प्युटरचा पडदा मागून आणला. मग डोळे तपासले (नंबर वाढलाय, पण दात्यांशी त्याचा संबंध नव्हता). मग सॉफ्टवेअर काढून पुन्हा घातलं, तीनदा. तिसऱ्यांदा प्रिंटर बंद पडला. ही म्हणाली, एकदा ते कार्ड बंद करून तर बघा. मी तिला शांतपणे समजावलं, की जावयाचं कार्ड आपण बंद केलं हे मुलीच्या कानावर गेलं तर काय वाटेल तिला? यावर ही कपड्यांच्या घड्या घालायला लागली.

शेवटी कार्डाच्याच सेटिंगमध्ये शिरलो. अकरा पर्याय होते, एकाचाही अर्थ लागत नव्हता. मी ओळीने एकेक लावून पाहिला आणि वहीत नोंद केली. दुसऱ्याने सगळा क्लब हिरवा केला. पाचव्याने डॉक्टरला झटके आले. सातव्याने मात्र चित्र असं लख्ख केलं की काय सांगू! दाते गायब. चेंडू एकच, कडेच्या चांगला दोन बोटं वर, आणि पुढच्या चित्रात तो थेट माझ्या कोपरामागे. कडेला लागल्याचं चित्रच नाही! मी ते एक्केचाळीस वेळा पाहिलं. नाडी मोजली, ब्याऐंशी भरली. एरवी बहात्तर असते.

चित्र छापून घेतलं (प्रिंटर तोवर सुधारला होता). क्लबात दाखवलं, गल्लीत दाखवलं, झाडून सगळ्या नातेवाइकांना पाठवलं. डॉक्टरने बराच वेळ पाहिलं आणि माझ्या दाढेत कापूस कोंबून ‘बरं’ म्हणाला. तुझ्याबद्दल माझ्या मनात काही नाही, ताई. मीटरंसुद्धा चुकतात. भाऊजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. : सोबत एक कागद आहे. पंचाने आपला निर्णय चुकल्याचं लिहून दिलं तर क्लब सामना वीस-वीस बरोबरीत धरून भिंतीवरच्या विजेत्यांच्या फळीवर डॉक्टरशेजारी माझंही नाव घालायला तयार आहे. मजकूर मीच टाइप केलाय, तू फक्त खाली सही कर. रंगारी शनिवारी येणार आहे, तेव्हा जरा लवकर. परतीच्या पाकिटाला तिकीट लावलंय.

ता. क. दुसरा (पाकिटाच्या मागे लिहितोय, कारण हिने ते चिकटवून टाकलं) : आत्ता जावई येऊन गेला. मी कौतुकाने त्याला सातवा पर्याय दाखवला. तो म्हणाला, ‘अहो बाबा, यात कार्ड दर दोनातलं एक चित्र फेकून देतंय.’ आणि त्याने स्वतःच्या हाताने कार्डाचं काम बंद करून सगळीच्या सगळी चित्रं सुटी लावून दाखवली. फेकलेल्यांत ते होतं. चेंडू कडेला टेकलाय, शेजारी तू खुर्चीत पुढे वाकलीयेस, आणि तुझी नजर बरोबर तिथेच आहे. माझी डॉक्टरच्या तोंडाकडे.

पाकीट फोडून पत्र फाडून टाकता आलं असतं. पण आत मी काय काय लिहिलंय ते तुला कळायला हवं. (टपालवाल्याने हे वाचलं तरी चालेल. छापील चित्र त्यालाही दाखवलं होतं.) सगळ्यांना चूक कळवायला फोन लावत बसलोय, नऊ जण झाले.

तू बरोबर होतीस, ताई. मला लाज वाटते. त्या कागदावर सही करू नकोस. मला बरं वाटावं म्हणून तू करशील, म्हणून सांगतोय.