हँगरमधले पाहुणे

सोमवार, ३ फेब्रुवारी
साहेबांनी केबिनमध्ये बोलावून चक्क बसायला सांगितलं. अठरा वर्षांत पहिल्यांदा. चहाही मागवला, कपबशीतला. पुढच्या आठवड्यात परदेशातून पाच पाहुणे येणार. आपण विमानाची मोठी तपासणी कशी करतो, म्हणजे अख्खं विमान उघडायचं, गंज आणि तडे शोधायचे, दुरुस्त करून जसंच्या तसं बांधायचं, हे त्यांना शिकवायचं. सगळ्या इन्स्पेक्टरांतून निवड माझी. याला ‘नॉलेज शेअरिंग’ म्हणतात. पुढेमागे तिकडे एक कोऑर्डिनेटर लागेल, असंही साहेब माझ्याकडे बघून म्हणाले. तूर्त कुणाला बोलू नका.
त्यांना हे कशासाठी शिकायचंय, ते विचारलं नाही. चहा गार होत होता.
मेहुण्याला मात्र आजच सांगायचं. बायकोचा धाकटा भाऊ. हँगरमध्ये पत्र्याच्या कामाला आहे, शिवाय युनियनचा सेक्रेटरी. त्याच्यापासून काय लपवायचं.

मंगळवार, ४ फेब्रुवारी
नाही सांगितलं. गेलो तेव्हा तो जेवत होता. जेवत्या माणसाला असलं काही सांगू नये.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी
मेहुणाच आला. म्हणाला, भाऊजी, मोठी तपासणी परदेशी जाणार अशी कुजबुज आहे, तिकडे स्वस्तात होते म्हणे. आणि आपल्यातलाच कुणीतरी तिकडच्यांना शिकवणार आहे. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, म्हणाला. मीही मान हलवली, म्हण खरीच आहे. हा दांडा कोण, ते शोधून काढायचं काम युनियनने माझ्यावर सोपवलंय. तुमच्यावर कुणाला संशय येणार नाही, म्हणाला.
हो म्हटलं. नाही म्हटलं असतं तर संशय आला असता.
तपास सावकाश करायचा.

सोमवार, १० फेब्रुवारी
पाहुणे आले. हँगरमध्ये सांगितलंय, ऑडिटवाले आहेत. काल बसून एक चाल शोधली: शिकवायचं, पण अर्धवट. वरून शिकवणी, आतून पोकळ. साहेबही खूश, युनियनचंही भलं. चाल मला स्वतःला फार आवडली.

मंगळवार, ११ फेब्रुवारी
चाल उद्यापासून. शिकवणीच्या पहिल्याच दिवशी पाहुण्यांशी तसं वागणं बरं दिसलं नसतं. त्यांच्यातला चष्मेवाला फार नम्र आहे. मी बोललो की पुढे वाकून ऐकतो. घरी मी बोलायला लागलो की ही टीव्हीचा आवाज वाढवते.

गुरुवार, १३ फेब्रुवारी
पॅनेलवर नाणं ठोकून आवाज ऐकायचा धडा. घट्ट जागा टणटणीत वाजते, आतून सुटलेली जागा बद्द. ठरल्याप्रमाणे घाईघाईत उरकून पुढे निघालो. चष्मेवाला म्हणाला, सर, आतल्या पट्टीजवळ आवाज तसाही बदलणार, मग सुटलेलं कसं ओळखायचं?
हा प्रश्न आजवर मला कुणी विचारलाच नव्हता. जेवणाची सुट्टी होईपर्यंत समजावलं. डोळे मिटून ऐकायला लावलं. शेवटी पाचही जणांना अचूक जमलं. फार आनंद झाला.
घरी येताना त्या आनंदाची लाज वाटली. लाज वाटली म्हणजे मी अजून आपल्याच माणसांच्या बाजूचा आहे. तेवढं बरं वाटलं.

सोमवार, १७ फेब्रुवारी
बुधवारी गेटवर निदर्शनं. माझं अक्षर चांगलं म्हणून मेहुण्याने फलक माझ्याकडून लिहून घेतले. घोषणाही मीच सुचवली: ‘विमान आपलं, काम आपलं, परक्या दारी का धाडलं?’ सगळ्यांना आवडली. मेहुण्याने पाठीवर थाप मारली. ती जागा अजून जड वाटतेय.

बुधवार, १९ फेब्रुवारी
जेवणाच्या सुट्टीत सगळे काळ्या फिती लावून गेटवर. मीही लावली, जॅकेटच्या आतून. पाहुण्यांना मागच्या दाराने आत घेतलं. विमानाच्या टॉयलेटखालची जमीन उघडून दाखवत होतो. पाणी झिरपून सगळ्यात वाईट गंज तिथे धरतो. तेवढ्यात बाहेरून माझीच घोषणा, दोनशे गळ्यांतून. चष्मेवाल्याने विचारलं, काय म्हणतायत? म्हटलं, पगारवाढ मागतायत. तो म्हणाला, मिळायला हवी, एवढं चांगलं काम करतात.
मी टॉर्च बंद केला. पण तोवर गंज दाखवून झाला होता.
संध्याकाळी मेहुण्याने विचारलं, गेटवर दिसला नाहीत? म्हटलं, त्या दांड्याच्या मागावर होतो. काही लागलं का हाताला? म्हटलं, अगदी जवळ पोचलोय.

सोमवार, २४ फेब्रुवारी
नोटीस लागली. एक एप्रिलपासून मोठी तपासणी परदेशात. इथे फक्त चाकं, तेल आणि किरकोळ कामं. पत्र्याचं खातं याच महिनाअखेरीस बंद. मेहुण्यासकट साठ जण घरी.
कॅन्टीनमध्ये कुणी आवाज चढवला नाही. एकजण नुसता कप विसळत राहिला, नळ बंद करायचं भान त्याला नव्हतं. मीच जाऊन बंद केला. त्याने मला थँक यू म्हटलं.
साहेब म्हणाले, निर्णय वरचा, कधीच झाला होता. म्हणजे माझ्यामुळे काही झालं नाही. मी शिकवलं नसतं तर दुसऱ्याने शिकवलं असतं, आणि माझ्याइतकं चांगलं शिकवलं नसतं. या वाक्यात कुठेतरी गडबड आहे. उद्या बघू.
जेवताना हिने विचारलं, सापडला का तो माणूस? मी पाणी प्यायलो. ही माझ्याकडे बघत राहिली.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी
पाहुण्यांचा शेवटचा दिवस. टूल स्टोअरच्या खिडकीशी मेहुणा आपली हत्यारं जमा करत होता. मी खांबामागून सटकणार तोच चष्मेवाल्याने गाठलं. दोन्ही हातांनी माझा हात धरला. मग मेहुण्याकडे वळून म्हणाला, हे आमचे सर, यांनी शिकवलं नसतं तर हे काम आम्हाला उचलताच आलं नसतं. बिचारा अगदी मनापासून बोलला.
तो गेल्यावर मी मेहुण्याला खालच्या आवाजात सगळी चाल सांगितली. म्हटलं, मुद्दाम अर्धवट शिकवलंय, तिकडे फजिती होईल, काम परत येईल. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. पाना पुसून खिडकीत ठेवला. मग म्हणाला, “भाऊजी, अर्धवट राहिलं असेल तर आत्ता जाऊन पुरं करा. त्या विमानांत माणसं बसतात.”
एवढंच बोलून गेला.
मी चाल सोडून दिली. तसं पाहिलं तर सुरूच झाली नव्हती.

रविवार, २ मार्च
ही भावाकडे गेली, एकटीच. माझं ताट वाढून झाकून ठेवलं होतं. झाकण नीट ठेवलेलं होतं, म्हणजे फारसा राग नसावा. मेहुण्याला फोन करायचा होता. पण ती तिथे असताना नको.

बुधवार, १४ मे
तिकडून पहिलं विमान तयार होऊन आलं. ते तपासून ताब्यात घेण्याचं काम माझं. एक मोठी चूक सापडू दे. मग मी खणखणीत रिपोर्ट देणार, काम परत येणार, साठच्या साठ जण परत येणार. मेहुणा सगळ्यांसमोर काय म्हणेल तेही मी ठरवून ठेवलंय.

शुक्रवार, १६ मे
टॉयलेटखाली पालथा पडून पाहिलं. नाणं ठोकून ठोकून बोटं दुखली. एके ठिकाणी गंज दिसला, आनंदाने पुसून पाहिलं तर ग्रीस निघालं. बाकी काही नाही. सांधे बुजवायच्या सीलंटची कड तर हुबेहूब मी ओढतो तशी, शेवटी अंगठ्याने जरा दाबलेली. पाहून ऊर भरून आला. मग आठवलं की आपण दुःखी व्हायचं होतं.
सही केली.

सोमवार, १९ मे
साहेबांनी उभ्या उभ्याच सांगितलं. एकही दोष नाही, मग तिकडे कोऑर्डिनेटर कशाला? आणि इथे पुन्हा तपासायला वेगळा माणूस तरी कशाला? म्हणाले, हे तुमच्याच शिकवण्याचं यश. अभिनंदन केलं. महिनाअखेरपर्यंत कामावर या, पुढे नको.
मी थँक यू म्हणालो. जिना उतरताना लक्षात आलं, कशाबद्दल.

रविवार, २५ मे
आज ठरवूनच मेहुण्याकडे गेलो. माफी मागायची. कारणं द्यायची नाहीत. चारच वाक्यं, वाटेत पाठ केली होती.
तो लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत लागलाय. नुकताच कामावरून येऊन बेसिनपाशी नखांतलं तेल घासत होता. मी घसा साफ केला. तो मागे न बघताच म्हणाला, “आमच्याकडे एक जागा आहे, भाऊजी. तुमचं नाव सांगून आलोय. ताईकडे बघून. एक तारखेपासून या. सुरुवातीला मीच शिकवेन.”
मी हो म्हणालो. त्याच्या बायकोने चहा ठेवला. तिघांनी प्यायला.
परत येताना अर्ध्या वाटेत ती चार वाक्यं आठवली. माफी राहूनच गेली. असू दे. आता रोजच भेट होणार आहे, सवडीने मागता येईल.