पंप थांबला होता

१२ नोव्हेंबर, बुधवार

नऊ तारखेच्या पानावर मी चुकीचं लिहिलं आहे. ‘स्क्रू माझ्याकडून जास्त आवळला गेला, म्हणून नागोरावकाका पडले’ — हे वाक्य खोटं आहे. मी पंपाच्या स्क्रूला हात लावला नव्हता. ते पान फाडणार नाही. दुरुस्ती इथे लिहिते.

मग तेव्हा तसं का लिहिलं? कारण त्या दिवशी गाडीत बसल्या बसल्या ऋतिकदादा म्हणाला, सकाळी पंप तूच लावलता ना निशी. बाबा पुढे बसले होते. फोन गेल्यावर ते कळंबहून धावतच आले होते. त्यांनी मान वळवली नाही. मला वाटलं, बाबा गप्प आहेत म्हणजे तसंच असणार. माझ्या आठवणीपेक्षा त्यांच्या गप्प बसण्यावर मी जास्त विश्वास ठेवला.

आता क्रमाने लिहिते.

लोहाऱ्याजवळचं विठ्ठलरावांचं नवीन मंगल कार्यालय. तीन मजले, पुढे-मागे काच. पुढची काच खाली उभं राहून लांब पोलने होते. पोलच्या टोकाला ब्रश, ब्रशमध्ये पाणी. टाकी, फिल्टर आणि बॅटरीवरचा पंप छोट्या हत्तीत, म्हणजे आमच्या टेम्पोत. मागच्या बाजूला नाला, उभं राहायला जागाच नाही. म्हणून मी पहिल्या मजल्याच्या गच्चीवर गेले आणि पाइप मागच्या जिन्यातून वर घेतला. एक पाइप पुरला नाही. दुसरा जिन्यातच जोडला.

वर जाण्याआधी मी पोलचा नळ बंद करून पाहिला होता. नळ बंद केला की पाइपात दाब वाढतो आणि पंप आपोआप थांबायला हवा. किती दाबाला थांबायचं ते पंपावरच्या स्क्रूने ठरतं, आवळला की उशिरा थांबतो. थांबला होता. घरघर बंद झाली, बाजूच्या शेतातल्या बाया कापूस वेचताना बोलत होत्या ते ऐकू आलं. हे मला पक्कं आठवतं. पंप थांबला होता!

मग वर गेले. तिसऱ्या मजल्याला पाणी हळू येत होतं. मी दादाला फोन केला — पाइप कुठे दबला का बघ. थोड्या वेळाने पाणी एकदम जोरात आलं. मी शेजारच्या काचेकडे सरकायला नळ बंद केला. या वेळी पंप थांबला नाही. दाब वाढतच गेला आणि जिन्यातला जोड निसटला. ग्रॅनाइटच्या पायऱ्यांवर पाणी. नागोरावकाका, तिथले चौकीदार, माझ्यासाठीच चहा घेऊन वर येत होते.

मनगट मोडलं.

मधे कोणीतरी स्क्रू फिरवला. खाली एकटा दादा होता.

१३ नोव्हेंबर

की ते थांबणं दुसऱ्याच कुठल्या दिवसाचं आठवतंय? मागच्या आठवड्यात बँकेच्या काचांना गेलो होतो, तिथेही मी नळ बंद करून पाहिला होता. पण तिथे बाजूला शेत नाही. बाया नव्हत्या. नाही — हे लोहाऱ्याचंच.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

नागोरावकाकांकडे जाऊन आले. दादाला सांगितलं नाही, एसटीने गेले.

प्लास्टर कोपरापर्यंत आहे. माझ्याकडे बघून हसले. म्हणाले, विठ्ठलरावाले सांगून देल्लं, आता या हातानं निस्ता सलाम होते, गेट नाही उघडत. मला हसू आलं आणि लगेच लाज वाटली.

त्यांच्या पत्नी, रुखमाकाकू, मात्र हसल्या नाहीत. चहा दिला, साखर जास्त टाकून दिला, आणि उभ्यानेच बोलल्या. “तुह्या भावानं सांगतलं आमाले. पोरगी नवी हाय, तिच्यानं झालं म्हणे. आता तरी त्या मशीनले हात नको लावू बाई. आमचं झालं तं झालं.”

दादा त्यांच्या घरी येऊन गेला होता. फळं ठेवून गेला होता. माझ्या नावाने माफी मागून गेला होता — मला न विचारता!

मी म्हणाले नाही की मी नाही केलं. तिथे, त्या प्लास्टरसमोर, ते स्वतःला वाचवण्यासारखं वाटलं असतं. आणि नळ तर माझ्याच हाताने बंद झाला होता.

१५ नोव्हेंबर

आज बाबा बाजारात गेल्यावर दुकानात पंप उघडला. स्वतः तपासायचं होतं. स्क्रू दोन फेरे आवळायचा, पाइप घरावरच्या टाकीपर्यंत न्यायचा, नळ बंद करायचा, जोड सुटतो का बघायचं. म्हणजे निदान मला तरी कळेल.

पण स्क्रूवर नेलपॉलिशचा ठिपका होता. ताजा. लाल.

ही बाबांची पद्धत. फवारणीचे पंप दुरुस्तीला येतात. बाबा दाब बसवतात आणि स्क्रूवर आईच्या बाटलीतला एक ठिपका देतात. गिऱ्हाईक शेतात जाऊन स्क्रू पिळतं — सगळेच पिळतात, फवारा बारीक पडावा म्हणून — आणि मग पंप जळाला की भांडायला येतं. बाबा फक्त तडकलेल्या ठिपक्यावर बोट ठेवतात. गिऱ्हाईक खाली बघतं.

आमच्या पंपावरचा ठिपका जुना होता, धुळीने काळा पडलेला. हा नवा आहे. स्क्रू बरोबर जागेवर आहे. म्हणजे नऊ तारखेनंतर बाबांनी तो सैल करून परत नीट बसवला आणि त्यावर ठिपका दिला. म्हणजे त्यांनी जुना ठिपका तडकलेला पाहिला. म्हणजे त्यांना माहीत आहे.

माझ्याने झालं असं त्यांना वाटलं असतं, तर त्यांनी मला हाक मारून दाखवलं असतं. मला ते सगळं दाखवतात. लहानपणी दम्यामुळे मला शाळेत घातलंच नव्हतं, थेट तिसरीत गेले. त्याआधीची माझी शाळा म्हणजे हे दुकान. अक्षरं पंपाच्या पाट्यांवरून, बेरीज वॉशरच्या डब्यांवरून. पाणी दहा मीटर वर चढलं की एवढा दाब जातो, हे मला पाढ्यांच्या आधी येत होतं. पिकाला जोर पाहिजे, काचेला पाणी पाहिजे — हे पण बाबांनीच शिकवलं. गेल्या वर्षी हे काम सुरू केलं तेव्हा ब्रश वर धरून दाखवलं होतं, बघ, जोर केला तर पाणी काचेवरून उडून जाते, मळ तिथंच राहते.

चूक झाली तर आधी मला दाखवायची, मग ओरडायचं. बावीस वर्षांत त्यांनी हे कधी मोडलं नाही. या वेळी दाखवलंच नाही.

तपासणी केली नाही. तो ठिपका मोडायची माझी हिंमत झाली नाही. घरात कोणीच मोडत नाही.

१६ नोव्हेंबर

विचारलं नाही. जेवताना तीनदा तोंड उघडलं. तिन्ही वेळा भाजी मागितली.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

आज विचारलं. आधी दादाला, दुकानातच. मला वाटलं होतं नाकारेल. नाकारलं असतं तर बरं झालं असतं.

तो पाना पुसत होता. पुसता पुसताच सांगितलं — दोन फेरे देल्ले, मग? वर पाणीच येऊन नाही राह्यलं होतं, तूच तं फोन केला. मी म्हटलं, पाइप बघ म्हणाले होते, स्क्रू नाही. त्यावर म्हणाला, पाइप पाह्यला, बरोबर होता. शेतात काय करतो आपण? पिळतोच ना. मग म्हणाला, तू कायले डोकं लावून राह्यली, बाबाले त्याच दिवशी, फोनवरच, सांगतलं मी.

त्याच दिवशी! म्हणजे गाडीत, जेव्हा बाबांनी मान वळवली नाही, तेव्हाही त्यांना माहीत होतं.

मी बाबांकडे वळले. ते तिथेच स्टुलावर होते, एका पंपाचा रबरी पडदा उन्हात धरून भोक शोधत होते. शोधतच राहिले. मी उभीच राहिले. शेवटी पडदा खाली ठेवला आणि बोलले. ओरडले नाहीत. ओरडले असते तर मी रडले तरी असते.

“तुले उद्या सासरी जायचं हाय, निशी. तिकडं कोण विचारते पंपाचं? त्याले इथंच राह्यचं हाय. विठ्ठलरावाच्या तोंडात एकदा बसलं की पोराले काम येत नाही, तं त्याचं काय?”

मी विचारलं, आणि माझं?

“तुले काम येते. मले माहीत हाय ना.”

बस. त्यांना माहीत आहे, तेवढं मला पुरावं! मग परत पडदा उन्हात धरला.

१९ नोव्हेंबर

आईला पण माहीत होतं. नेलपॉलिशची बाटली तिनेच काढून दिली होती. म्हणते, मले वाटलं तुले सांगतलं असन. मग म्हणाली, बापलेकानं ठरवलं, मी काय बोलू, आणि कढईत पळी फिरवत राहिली.

म्हणजे या घरात न माहीत असलेली एकटी मी. मी नऊ तारखेला रडले, पाण्याच्या टाकीजवळ, आणि आई पाठीवरून हात फिरवत म्हणाली होती, होते असं, शिकशील.

२० नोव्हेंबर, गुरुवार

विठ्ठलरावांचा फोन आला, बाबांना. लग्नसराई सुरू होते, पुढचं-मागचं सगळं परत धुवून पाहिजे, मंगळवारी या. दर महिन्याचं काम देतो म्हणाले. पांढरकवड्याचं हॉटेल पण देणार. फक्त ती पोरगी पंपावर नको. बाबा फोनवर हसले. म्हणाले, नाही नाही, तिले आता खालच्या काचा पुसायलेच ठेवलं. विठ्ठलराव काहीतरी गमतीचं बोलले असणार, बाबा परत हसले. त्यांचं हे हसणं मला ओळखू येतं. गिऱ्हाइकाला खूश करायचं असलं की तसं हसतात. आज मी त्या हसण्याच्या दुसऱ्या बाजूला होते.

काम मी शोधलं होतं. पुण्याच्या एका माणसाचे व्हिडिओ बघून फिल्टर मी जोडला, पाणी सुकल्यावर डाग राहत नाही हे विठ्ठलरावांना मी दाखवलं — त्यांच्याच गाडीच्या काचेवर. तेव्हा ते बाबांना म्हणाले होते, वामनराव, पोरगी हुशार हाय बरं.

आता त्यांच्या लेखी मी एका म्हाताऱ्या माणसाचा हात मोडणारी पोरगी आहे.

२१ नोव्हेंबर

माझी चूक किती? नीट लिहायला हवं, नाहीतर मीही त्यांच्यासारखीच.

पाणी एकदम जोरात आलं तेव्हा मला बरं वाटलं होतं. हे खरं आहे. खाली काय केलं, हे मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं. जोर अचानक वाढला की आधी कारण शोधायचं — हे मला येतं. जिन्यात जोड ठेवला, त्याला क्लिप लावली, पण बांधला नाही. दोन्ही माझं.

स्क्रू माझा नाही. खोटं माझं नाही.

विठ्ठलरावांना सांगावं असं तीन दिवस मनात घोळतंय. पण सांगितलं की काम जाणार. दादाचं नाव जाणार, बाबांचं दुकान लोकांच्या तोंडात येणार. आणि मी कोण — घरचं बाहेर सांगणारी. माझ्या एकटीच्या नावासाठी एवढं? सोडून द्यावं. लग्नानंतर खरंच कोण विचारणार आहे.

सोडून दिलं. आज असं ठरवलं आहे.

२२ नोव्हेंबर, शनिवार

संध्याकाळी दादा फवारणीचा मोठा पंप गाडीत चढवत होता — इंजिनवरचा, संत्र्याच्या झाडांना मारतात तो. मंगळवारी हाच नेणार, वर पाणी कमी यायचा प्रश्नच नाही म्हणाला. बाबा बघत होते. मी सांगितलं, मागच्या जिन्यातला जोड या दाबाला क्षणभर टिकणार नाही. दादा म्हणाला, तू खालच्या काचा पाह्य.

मग मी रुखमाकाकूंना फोन केला, काकांचा हात कसा आहे विचारायला. हात बरा आहे. काका घरीच असतात. त्यांच्या जागी विठ्ठलरावांनी रुखमाकाकूंना ठेवलं आहे. गेट त्यांच्याकडे, झाडू त्यांच्याकडे. मागचा जिना रोज सकाळी त्याच पुसतात.

विठ्ठलराव सोमवारी सकाळी कार्यालयात असतात. मी जाणार, स्क्रूचं आणि या पंपाचं सांगायला. आधी बाबांना सांगेन, तोंडावर, मग निघेन. सोमवार, २४ नोव्हेंबर.