सगळ्या प्रोसेसरांसाठी एकच कोड

मॅडम, परवा गोवंडीच्या अभ्यासिकेत मुलींसाठी आणलेले छोटे कॉम्प्युटर सुरू झाले, आणि सगळ्यांत आधी तुम्हाला सांगावंसं वाटलं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली तरी. हे कॉम्प्युटर स्वस्तातले, नव्या जातीच्या प्रोसेसरचे. त्यांच्यावर आमची सी लायब्ररी, म्हणजे बाकीचे प्रोग्राम ज्याच्या आधारावर चालतात तो पायाचा कोड, चालत नव्हती, आणि ती नाही तर दुसरं काहीच चालत नाही.

तुमचं घाटकोपरचं स्वयंपाकघर आठवतं. मी पॉलिटेक्निकला तुमच्या वर्गात होते, प्रोग्राम दाखवायला आले होते. तुम्ही भाकरी थापताय, मी दारात उभी. "माझ्याकडे चालतो, मॅडम," मी म्हणते. "तुझ्याकडे चालतो म्हणजे काय गं? जगात एकच मशीन आहे का?" मला रडूच आलं. तुम्ही पिठाच्या हातानेच स्टूल पुढे सरकवलंत, आधी जेव म्हणालात, आणि मग चूक समजावलीत.

हल्ली मी पवईत नोकरी करते आणि सुट्टीच्या दिवशी जगभरच्या लोकांबरोबर या लायब्ररीचं काम करते. प्रोग्रामला साधी फाइल उघडायची असली तरी सिस्टिमच्या गाभ्याला त्या कामाचा ठरलेला नंबर सांगून विनंती करावी लागते. जुन्या प्रोसेसरांचे नंबर ज्याचे त्याचे. नव्यांसाठी आता एकच सामाईक यादी आहे. आमच्या लायब्ररीत मात्र प्रत्येक प्रोसेसरसाठी वेगळा कोड. ऑफिसमधला मित्र म्हणाला, "नव्यासाठी अजून एक कॉपी मार ना यार, मोकळी हो." मी नाही मारली. सगळ्यांचा मिळून एकच कोड लिहिला, ज्याचं वेगळं तेवढंच वेगळं ठेवलं. लायब्ररीच्या बाकी लोकांना पाठवला, आणि वाट लागली. दूरदेशीच्या एकाने कळवलं, त्याच्या जुन्या मशीनवर फाइली बिघडताहेत. तिथे मोठा आकडा दोन तुकड्यांत जातो. माझ्या कोडमध्ये ते तुकडे उलट्या क्रमाने जात होते. "जुनं सोडून दे," मित्र म्हणाला. पण त्या माणसाकडे तेच तर मशीन होतं. कित्येक रविवार त्यात गेले. मी इकडे दुरुस्त करायची, तो तिकडे चालवून बघायचा. शेवटी त्याचंही चाललं, आणि कोड लायब्ररीत घेतला गेला; त्याच्यावरच अभ्यासिकेतले कॉम्प्युटर सुरू झाले.

परवा अभ्यासिकेत एका मुलीने आयुष्यातला पहिला प्रोग्राम चालवला. पडद्यावर स्वतःचं नाव उमटलेलं बघून ती शेजारणीला म्हणाली, "ये ना, आता तुझं टाकूया."

हे कुठे पाठवणार? खरं सांगू, पाठवायचं नाही म्हणूनच एवढं लिहिता आलं. तुमच्यासमोर माझी मजल दोन वाक्यांपुढे कधी गेलीच नाही.