दोन बोटं वर ठेवलेली पट्टी

प्रिय अहो,

एक जुनं भांडण मिटवायचं आहे म्हणून लिहिते आहे. उद्या सकाळी मला निर्मल गावच्या नव्या कचेरीत रुजू व्हायचं आहे आणि त्या भांडणात चूक माझी होती, हे तुम्हाला सांगितल्याशिवाय पाऊल निघणार नाही.

दसऱ्याला आपल्या जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. आमच्या सरकारी दफ्तरातली कपाटं वाटली, माणसंही वाटली. मी निर्मलच्या वाटणीत! तुमच्या आई मात्र मावला गावातलं हे घर सोडायला तयार नाहीत. "तू जाय. मी का लहान हाय?" शेजारच्या गंगूबाई दोन वेळची भाकरी देणार, रात्री सोबतीलाही येणार. पण दाराबाहेरचं अंगण?

तुम्हीच बसवलेलं विटांचं अंगण हो! यंदा पागोळ्यांच्या पाण्यानं कडेची लाकडी पट्टी कुजली, उरलेली वाळवीनं खाल्ली. कड सुटली तशी विटांखालची वाळू वाहून गेली आणि न्हाणीघराकडचा भाग खचला. आईंना आता उजेड आणि अंधार एवढाच कळतो. दोन महिने मीच त्यांना हात धरून न्हाणीघरापर्यंत नेत होते. उद्यापासून कोण नेणार?

राजन्ना मिस्त्रीला बोलावलं. त्यानं विटा उचलल्या, मुरूम टाकून धुमसानं ठोकला, वाळू पसरून विटा परत बसवल्या. मग सागाची नवी पट्टी हातात धरून म्हणाला, "अम्मा, पहले जैसी ऊपर रखना क्या?"

"नको रे बाबा! विटांच्या बरोबरीत बसव."

आठवते ना तुमची ती दोन बोटं वर आलेली पट्टी? येणाऱ्याजाणाऱ्याला ठेच! पाहुण्यांसमोर माझ्या हातातला चहाचा ट्रे पालथा झाला तेव्हा मी केवढी ओरडले होते. रंधा मारून घ्या म्हटलं, तर तुम्ही हसून म्हणालात, "राहू दे वं, माहा हातच वाकडा." त्यानंतर जो भेटेल त्याला मी तुमच्या वाकड्या हाताबद्दल सांगत सुटले.

काल काम संपलं. आई बाहेर आल्या. उजवा पाय पुढे सरकवून काहीतरी चाचपू लागल्या. मला उमजेना. मग त्या चालू लागल्या, आणि थेट कडेबाहेर! धावत जाऊन दंड पकडला म्हणून बरं. दोघी ओल्या मातीत बसकण मारून बसलो.

"काठ कुठं गेला वं?" त्या मातीत हात फिरवत म्हणाल्या. "त्यालेच पाय घासत जाणं राहते माह्यं."

"कधीपासून, आई?"

"माहा लेक होता तवापासून. डोळे अधू झाले हे त्याले एकट्यालेच सांगतलं होतं. कोनाले बोलू नको म्हनलं."

अहो, मी काय परकी होते? मला सांगितलं असतं तर मी गावभर ओरडणार होते का? आईला दिलेला शब्द पाळलात, ठीक. पण माझे एवढे टोमणे हसत ऐकून घेतलेत! फार राग आला तुमचा. मग रडले.

आज राजन्नाला परत आणलं. पट्टी उपटली, पुन्हा बसवली. मी शेजारी उकिडवी बसून या टोकापासून त्या टोकापर्यंत दोन बोटं लावून पाहिली. आई आल्या, पाय सरकवला. काठ लागला. एक पाऊल, दुसरं... मी तोंडावर पदर धरून उभी! हाक मारायची नाही, असं ठरवलंच होतं. त्या न्हाणीघरापर्यंत गेल्या, वळल्या, तशाच परत आल्या.

उंबऱ्याशी थांबून म्हणाल्या, "सुमन, तो येऊन गेला काय वं?"



दर शनिवारी येईन. दरवर्षी पावसाळ्याआधी पट्टीला तेल पाजीन आणि दोन बोटं लावून बघीन. आणि कोणाला ठेच लागलीच, तर वचन देते, हसून एवढंच म्हणेन, "हात वाकडा आहे माझा."

तुमची,
सुमन