सरवा वेचणारी बाई

१४ जून २००४, लातूर
भुजंगा, अकरा वर्षांनी लिहायला बसलोय. लई उशीर झाला, काकाला माफ कर. तोंडानं सांगणं जमत नाही. रोज थोडं या वहीत लिहीन आणि वही तुला कंधारला धाडीन.

आज शिवमूर्ती सरांच्या होस्टेलवर राखणदार म्हणून रुजू झालो. गावोगावच्या पोरी डॉक्टर व्हायला इथं क्लासला आल्यात. तुझी लेक तनुजा मला पाहून नाचलीच! अभ्यासाच्या हॉलमध्ये मोठं चित्र आहे. जुन्या कॅलेंडरच्या तारखा कापून सरांनी चौकटीत बसवलंय. फ्रान्स देशातलं, दीडशे वर्षांपूर्वीचं शेत. कापणी झालेली, मागं गंजी, एक दगडी घर, आणि पाठमोरी, वाकून सरवा वेचणारी बाई. आपल्याकडं राहिलेली कणसं वेचतात तशीच. बघून जीव निवला.

१७ जून
चित्रातली बाई घराकडं सरकलीय. स्वयंपाकाच्या हुसेनबी हसल्या, "काय मामू, गोरीवर जीव आला काय?" सर म्हणाले, चंद्रप्पा, चष्मा बदला.

२० जून
चित्रातलं घर पडलंय. नुसता दगडांचा ढीग. बाई नाही. भिंतीला कान लावला. आतून ठकठक.

आता लिहितोच. त्र्याण्णवच्या भूकंपात तुझी आई, सिंधूवहिनी, ढिगाऱ्याखाली जिवंत होती. तिची ठकठक मी ऐकली. जवानांनी विचारलं, आत कोणी आहे का? मी म्हणालो, वहिनी माहेरी उमरीला गेल्यात. पलीकडं माझा पोरगा वैजनाथ अडकला होता. त्यांनी आधी तिकडं खणावं म्हणून. वैजनाथ वाचला. वहिनी तिसऱ्या दिवशी निघाली. तू तेव्हा नांदेडला होतास. तुला सांगितलं, झोपेतच गेली. तिची नखं दगड खरडून झिजलेली —

२२ जून
बाई परत आलीय. तोंड इकडं. तनुजाच्या बाकड्याकडं बघते. पोरीला म्हटलं, जागा बदल. तर म्हणे, "आजोबा, पंखा इथंच हाय की!"

२४ जून
दुपारी तनुजा हॉलमध्ये एकटी होती. मी पाणी भरून आलो. चप्पल दारात, पुस्तक उघडं, ती नाही. चित्रात दोघी वाकलेल्या. एकीला वेणी, लाल रिबीन.

सरांनी विचारलं, पोरगी कुठंय? खरं सांगितलं तर वेडा म्हणून हाकलतील, या भीतीनं तोंडातून निघालं, कंधारला गेली. त्यांनी रजिस्टरात तसंच लिहिलं.

पुन्हा तेच केलं रे मी —

२५ जून
कोणी शोधत नाही. मीच सांगितलंय ना, गेली म्हणून. भिंतीतून ठकठक. आजोबा, आजोबा —

२६
पहार आणली. चित्र उतरवलं. भिंत विटांची, पण आत काळा दगड लागला. आपल्या गावचा. हुसेनबी ओरडताहेत, मामू, थांबा —

तुझा फोन लागत नाही. तनुजा तिकडं पोचली असेल तर मी वेडा. देवा, वेडाच असू दे. पोचली का, तेवढं कळव, भुजंगा. लवकर कळव. बोटं दिसताहेत. धरतो. पण नखं झिजलेली, हा हात कोणाचा —