चार नंबरचं दार

१४ सप्टें., रवि.
कपडे धुतले. शर्टाला कडक इस्त्री. उद्यापासून वर्ग, माझा आणि रूममेट शाजीचा. शाजी म्हणतो, "भाई, शादी में जा रहा है क्या?" हसू दे. रूममधला आरसा अर्धा तास अडवून स्वतःची मिशी कोरत बसला होता तो.

अकरा वर्षं इथे परदेशात मॉलमधली खेळाची मशीनं दुरुस्त करतोय. बाहुल्या उचलणारा पंजा, मोटारींची रेस, सगळं. कंपनीच्या कार्डावर अजून 'हेल्पर'च. हा कोर्स पास झालो तर 'टेक्निशियन'. त्रेचाळिसाव्या वर्षी. बघू.

१५ सप्टें., सोम.
मागच्या शेडमध्ये चार नवी मशीनं. ही पोरांची नाहीत, पैसे लावून खेळायची. कंपनीने नवं काम घेतलंय, परवान्याचं, म्हणून हा कोर्स. शिकवायला लोर्नामॅडम, फिलिपिनो. बुटक्या, आवाज हळू, आयुष्य याच मशीनांत गेलेलं. पहिलाच प्रश्न, मशीन अडलं तर आधी काय करता?

म्हटलं, डाव्या अंगाला एक थाप.

वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत, वहीत लिहून घेतलं. का लिहून घेतलं असेल? जेवतानाही तेच डोक्यात.

१७ सप्टें., बुध.
डोकं भणभणलंय. पडद्यावर चक्रं फिरतात ती म्हणे नुसती दाखवायला. बटण दाबलं त्याच क्षणी आत आकडा ठरलेला. मग माणूस एवढा डोळे फाडून बघतो काय?

सुट्टीत मॅडमना गाठलं. आकडा येतो कुठून? त्यांनी एक चिप दाखवली, नखाएवढी, वर सील. ही उघडायची नाही. म्हटलं, पण आत काय... नाही म्हणजे नाही. मशीन उघडायला नाही म्हणणारं माणूस अकरा वर्षांत पहिल्यांदा भेटलं. राग आला आणि बरंही वाटलं. त्या चिपेत काय असेल?

२३ सप्टें., मंगळ.
आजचा नियम: दार उघडलं की आतल्या कार्डावर नाव, वेळ, कारण. दरवेळी. मशीनही आपलं आपण मोजतं, दार किती वेळा उघडलं ते. कार्ड आणि मशीन जुळलंच पाहिजे, नाही जुळलं तर आत कुणी काय केलं याचा भरवसा राहत नाही. शाजीला म्हटलं, पोटात सासू आहे याच्या. त्याला सासू आहे, लगेच कळलं.

मॅडमनी किल्ल्या माझ्याकडे दिल्या ठेवायला. वयाने थोरला म्हणून असेल. दिवसभर खिसा चाचपत होतो.

१ ऑक्टो., बुध.
खंडेनवमी. शाजीकडे आयुधपूजा म्हणतात, एकच ते. पकडी, मीटर, स्क्रूड्रायव्हर पेपरवर मांडले. हळदकुंकू, झेंडूची दोन फुलं. दरवर्षी एका मशीनलाही लावतो. वर्कशॉपात कोण विचारतंय.

नव्या मशीनला बाहेरून लावलं तर दिसणार. सकाळी लवकर गेलो, शेडमध्ये कुणी नाही. चार नंबरचं दार उघडलं. कुंकू तेलात कालवून नेलं होतं, कोरडं पंख्यात उडतं. आतल्या चौकटीला एक बोट टेकवलं. नमस्कार केला, दार लावलं. पंधरा सेकंद.

कार्डावर लिहिलं नाही. कारण काय लिहिणार? हात जोडणं ही काय दुरुस्ती आहे?

२ ऑक्टो., गुरु.
दसरा. आणि मी हे असं.

मॅडमनी प्रत्येकाला एक मशीन दिलं, कार्ड आणि मशीन जुळवा. चार नंबर शाजीला. कार्डावर अठरा ओळी, मशीनवर एकोणीस. तीनदा मोजलं बिचाऱ्याने. एसी चालू आणि मान घामाने भिजलेली. "मैंने एक ही बार खोला, मॅडम." मॅडम सगळ्या वर्गाकडे बघून म्हणाल्या, उद्या सकाळपर्यंत एका ओळीचा हिशेब लागला नाही तर शाजीचे या भागाचे मार्क शून्य.

मी त्याच्या शेजारच्या खुर्चीवर होतो. उठलो नाही. कोर्स जाईल, टेक्निशियनचं कार्ड जाईल, एवढंच मनात. लिहायला लाज वाटते.

घरी फोन केला. बायकोला, शुभाला, सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तुमीच उघडलात मां? मगे सांगान टाका." आणि सोनं वाटायला कोण कोण आलं होतं ते सांगायला लागली.

३ ऑक्टो., शुक्र.
वर्गाआधीच मॅडमपुढे उभा राहिलो. सांगितलं. त्या म्हणाल्या, "सात वाजून चार मिनिटं."

माहीत होतं त्यांना. वेळ फक्त त्यांच्या पासवर्डने दिसते. म्हटलं, मग काल का नाही बोललात? म्हणाल्या, तू बोलतोस का ते बघत होते.

चार नंबर उघडायला लावलं. कार्डावर दोन ओळी लिहिल्या, परवाची चुकलेली आणि आत्ताची. परवाचं कारण काय लिहू? "जे होतं ते." लिहिलं, पूजा. रिपोर्ट वर जाणार. मला पास करायचं की काढायचं ते मोठे साहेब ठरवतील. किल्ल्या परत घेतल्या.

शाजीला मीच सांगितलं. तो एवढंच म्हणाला, "भाई, कल मैंने खाना नहीं खाया." दुपारी डबा घेऊन दुसऱ्या टेबलावर जाऊन बसला. बरोबर आहे त्याचं.

६ ऑक्टो., सोम.
परीक्षा. मला बसू दिलं, निकाल मात्र राखून. शाजी पास. संध्याकाळी माझ्या ताटात त्याने मासळीचा तुकडा टाकला. मग म्हणाला, "मेरे को बुलाता तो मैं भी हाथ जोड़ता." खाल्ला मासा.

८ ऑक्टो., बुध.
मॅडमनी चार नंबरची किल्ली पुढे केली. नवी बॅच येणार आहे, आतून साफ कर. कापड घेऊन गेलो.

उघडलं. आधी कार्ड, हे आता अंगवळणी पडलंय. माझ्या दोन ओळींखाली आणखी एक ओळ. मॅडमची सही. ४ तारीख, म्हणजे शनिवार, सुट्टीचा दिवस. कारणाच्या जागी इंग्रजीत: पाहण्यासाठी.

कुंकू होतं तिथेच. पुसलं नव्हतं. एवढ्यासाठी सुट्टीच्या दिवशी बाई आली. काय पाहिलं असेल तिने? किती वेळ उभी असेल?

कापड हातात धरून मीही उभा राहिलो. मग नाव लिहिलं, वेळ लिहिली. कारण: पाहण्यासाठी. दार लावलं.

किल्ली देताना सांगून टाकलं, मॅडम, उघडलं, पण पुसलं नाही. लिहिलंय तसं.

त्यांनी वर बघितलं. किती ओळी झाल्या?

म्हटलं, कार्डावर बावीस. मशीनवर बावीस.

"बरं," म्हणाल्या, आणि वहीत काहीतरी लिहून घेतलं. निकाल अजून नाही.